नदीचें पाणी कोण बदलतो?

गेल्या वैशाखांत घरांतील मुलांच्या आग्रहास्तव आम्हांस मुंबईस राणीच्या बागेंत जावें लागलें. कसाऱ्याहून पहांटेची गाडी धरली. घरचीं पांच मुलें, दोन सुना आणि आम्ही असा सारा लवाजमा होता. फिरत फिरत मंडळी पाणघोड्याच्या तलावापाशीं येऊन थबकली. जनावर पाण्यांत बुडून राहिलेलें. वर दिसत होते ते केवळ कान, डोळे आणि नाकपुड्या. आमच्या मधल्या मुलाची कन्या चौथींत आहे. तिनें बराच वेळ निरखून विचारलें, “आजोबा, हा दिवसभर पाण्यांतच बसतो, मग पाणी घाण होत नाहीं का?”

“होतें तर! म्हणून बागेंतले लोक तें बदलतात,” आम्ही म्हणालों.

“आणि नदीचें पाणी कोण बदलतो?”

छत्तीस वर्षें शाळेंत दुसऱ्यांस प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या माणसास एका पोरीच्या प्रश्नानें निरुत्तर व्हावें लागलें. आमचा एक पुतण्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवितो. घरीं परतल्यावर त्याच्याकडून या विषयावरील लेख मागवून घेतले आणि अडेल तेथें त्यासच विचारून समजून घेतले. त्यांतून जें कळलें तें, आणि त्यायोगें स्वतःच्याच एका जुन्या कृत्याकडे पाहण्याची जी पाळी आम्हांवर आली ती, वाचकांपुढें ठेवावी म्हणून हा लेखप्रपंच.

पाणघोडा हा घोडा नव्हे हें सांगावयास नकोच. ग्रीक भाषेंत त्याच्या नांवाचा अर्थ ‘नदींतला घोडा’ असा आहे आणि आपला शब्दहि त्याच वळणाचा आहे. परंतु आप्तसंबंध पाहूं गेल्यास त्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग म्हणजे समुद्रांतले देवमासे होत. गंमत अशी कीं, जन्म पाण्यांत घालवूनहि या गृहस्थास धड पोहतां येत नाहीं; तळाला पाय टेकून तो चालतो. वजन सुमारें दीड हजार किलो. कातडी अशी कीं उन्हांत ती लौकर कोरडी पडून भेगाळते; म्हणून दिवस पाण्यांत काढावयाचा, आणि सूर्यास्तानंतर कांठावर येऊन रात्रभरांत सुमारें चाळीस किलो गवत खावयाचें. पहांट झाली कीं स्वारी पुन्हां पाण्यांत. भोजन जमिनीवर आणि मलविसर्जन बहुतांशीं पाण्यांत, या एका संवयींत नदीच्या साऱ्या सुखदुःखाचें मूळ आहे.

हा प्राणी आपल्या देशास अगदींच परका होता असेंहि नाहीं. इसवी सन १८३६ मध्यें फाल्कनर आणि कॉटली या दोघांनीं शिवालिक टेकड्यांत सांपडलेल्या जीवाश्मांवरून ‘हेक्साप्रोटोडॉन’, म्हणजे पुढें सहा दांत असलेला, अशा पाणघोड्यास नांव दिलें. नर्मदेच्या खोऱ्यांतहि त्याच्या गोतांतल्या प्राण्यांचीं हाडें मिळालीं आहेत. जी नर्मदा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते, तिच्याच पाण्यांत एके काळीं पाणघोडे डुंबत होते! पुढें ते आपल्याकडून समूळ नाहींसे झाले. आतां नद्यांवरील त्यांचें कार्य पाहावयाचें तर आफ्रिकेसच गेलें पाहिजे.

केनियांत उगम पावून टांझानियांतून व्हिक्टोरिया सरोवरास मिळणारी मारा नांवाची नदी आहे. तिच्या केनियांतील भागांत चार हजारांहून अधिक पाणघोडे आहेत. हे सर्व मिळून रोज सुमारें ३६,००० किलो ओलें शेण नदींत टाकतात असा हिशेब २०१५ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. चार मालमोटारी भरतील इतकें हें शेण. आणि तेंहि रोज! त्यांतून प्रतिदिनीं सुमारें ३,५०० किलो कार्बन, ४९० किलो नायट्रोजन आणि ४८ किलो फॉस्फरस पाण्यास मिळतो. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांस हें कशाचें माप आहे हें सांगावें लागणार नाहीं. शेताला आपण खत घालतों तसें हें नदीला घातलेलें खत होय.

या खतावर काय पिकतें तेंहि पाहण्यासारखें आहे. शेणावर सूक्ष्म जंतु वाढतात, त्यांवर पाणकिड्यांच्या अळ्या पोसतात, अळ्यांवर मासे. आणि कित्येक मासे तर शेणच खातात. माळावरच्या गवताचा अंश नदींतल्या माशांच्या आणि चतुरांच्या अळ्यांच्या शरीरांत आढळल्याचें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. आणखी एक मौज ऐका. भाताच्या पात्यानें हात कापतो तो त्यांतील सिलिकेमुळें, म्हणजे वाळूंत असतें त्याच द्रव्यामुळें. गवताच्या पात्यांतहि तें असतें. पाणघोडे गवतावाटे तें रोज सुमारें ४०० किलो नदींत आणून सोडतात असें २०१९ सालीं दिसून आलें. त्यावर डायटम नांवाचीं कांचेसारख्या कवचाचीं सूक्ष्म शैवालें वाढतात, आणि सरोवरांतील माशांच्या अन्नाची सुरुवात अशा शैवालांपासूनच होते. शिवाय बोत्स्वानांतील ओकाव्हांगोच्या दलदलींत पाणघोड्यांच्या रोजच्या वाटा पाण्याचे पाट होऊन जातात. म्हणजे ज्याला आम्ही पाणी घाण करणारा म्हटलें, तो नदीचा बल्लवहि आहे आणि पाटकरीहि आहे.

येथवर वाचून आमचे कांहीं स्नेही म्हणतील कीं, निसर्गांत सारेंच मंगल असतें. तसें नाहीं. नाण्याची दुसरी बाजू याच मारा नदीनें दाखविली आहे.

कोरड्या दिवसांत पाणी उतरतें, प्रवाह मंदावतो, आणि ज्या डोहांत पाणघोड्यांचे कळप बसतात तेथें शेण वाहून न जातां तळाशीं साचतें. तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपून जातो. तळाशीं अमोनिया आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायु तयार होतो. वरून डोह शांत दिसतो. पुढें वरच्या अंगास जोराचा पाऊस होतो, लोंढा येतो, तळचें तें सारें कुजकें पाणी उसळून प्रवाहांत मिसळतें, आणि कांहीं तासांतच खालच्या नदीचा प्राणवायु घटतो. तीन वर्षांत असे ४९ लोंढे शास्त्रज्ञांनीं मोजले. त्यांपैकीं १३ वेळां प्राणवायु फारच खालीं गेला. कित्येकदां मेलेल्या माशांचा खच कांठावर पडला. हा शोध २०१८ सालचा आहे. येथें कोणीं विष कालविलें नव्हतें, कोणत्या कारखान्याचें सांडपाणीहि नव्हतें.

मग दोष पाणघोड्याचा म्हणावा काय? त्याचें उत्तर टांझानियांतील ग्रेट रुआहा नदी देते. ही नदी पूर्वीं बारमाही होती. वरच्या अंगास भातशेतीसाठीं पाणी उचललें जाऊं लागलें आणि १९९३ पासून ती दर वर्षीं उन्हाळ्यांत तुटूं लागली. उरलेल्या थोड्या डोहांत बिचारे पाणघोडे दाटीवाटीनें बसूं लागले. अशा डोहांत माशांच्या आणि पाणकिड्यांच्या जाती कमी झाल्या. पाऊस पडून नदी पुन्हां वाहूं लागली कीं डोह सुधारत. हाहि शोध २०१८ चाच. जनावर तेंच, शेणहि तेंच. वाहत्या पाण्यांत तें अन्न होतें आणि कोंडलेल्या पाण्यांत विष होतें. नातीच्या प्रश्नाचें उत्तर हेंच. नदीचें पाणी नदीच बदलते, पण तिला वाहूं दिलें तर.

(माणसानें जनावर भलत्याच ठिकाणीं नेलें तर काय होतें हा निराळा विषय आहे. १९८१ सालीं कोलंबिया देशांत एका कुप्रसिद्ध मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्यानें हौसेखातर चार पाणघोडे आणले. त्यांची संतति वाढत वाढत शंभरावर गेली, आणि २०२२ सालीं त्या सरकारास त्यांना उपद्रवी परका प्राणी म्हणून जाहीर करावें लागलें.)

आतां घरच्या गोष्टीकडे वळतों. आमच्या गांवाखालीं ओढ्यास एक डोह आहे. गांवच्या म्हशी उन्हाळाभर दुपारीं त्यांत बसतात. पाणघोड्याप्रमाणें त्यांनाहि ऊन सोसत नाहीं. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत दुष्यंत मृगया थांबवितो तेव्हां रानांतल्या महिषांस पाण्यांत खुशाल डुंबूं द्यावें असें म्हणतो. तो श्लोक शिकवितांना आम्ही मुलांना याच डोहाकडे बोट दाखवीत असूं. तीन वर्षांपूर्वीं मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं डोहांत व खालच्या ओढ्यांत मेलेले मासे तरंगतांना दिसले. गांवांत एकच ओरड झाली कीं, कोणीं तरी विष घातलें. डोहाच्या कांठीं एका कातकरी कुटुंबाची झोपडी होती. आदल्या संध्याकाळीं त्यांतील माणसें पाण्यांत उतरलेलीं कोणी पाहिलीं होतीं. तेवढा पुरावा गांवास पुरेसा वाटला. त्यांना तेथून उठवावें असा अर्ज करण्याचें ठरलें, आणि अक्षर चांगलें, भाषा शुद्ध म्हणून तो लिहिण्याचें काम आम्हांकडे आलें. आम्हीं तो लिहिला. ‘विषप्रयोग करून’ हे शब्द आमचेच होते. चौकशी झाली नाहीं, पाणी तपासलें गेलें नाहीं. आठ दिवसांत झोपडी मोडून तें कुटुंब, पाऊस डोक्यावर असतां, पलीकडच्या माळावर गेलें.

मारा नदीची हकीकत वाचतांना ‘पहिला लोंढा’ हे शब्द आले आणि आम्हीं कागद खालीं ठेवला. म्हशी डोहांत पूर्वींपासून बसत आल्या आहेत. मग अलीकडे काय बदललें? ओढा पूर्वीं चैत्राअखेरपर्यंत बारीक कां होईना, पण वाहत असे. आतां वरच्या अंगास पाणी उपसणारे विजेचे पंप बसले आहेत, आणि होळीनंतर धार तुटते. त्या पंपांपैकीं एक आमच्या घरचा आहे. आमच्या परसांतील मोगरा आणि केळी त्यावर पोसतात. ज्या तालुक्यांतून भातसा आणि तानसा या धरणांचें पाणी मुंबईस जातें, त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, यावर आम्ही आजवर पुष्कळ बोललों आहोंत. परंतु आपल्याच ओढ्याची धार आपणच तोडतों आहोंत हें कधीं मनांतहि आलें नव्हतें.

गेल्या महिन्यांत पुतण्यास बरोबर घेऊन आम्ही त्या माळावर गेलों. कुटुंबांतील म्हातारा दाराशीं बसून जाळें विणीत होता. आम्हीं सारें सांगितलें आणि झालेल्या अन्यायाबद्दल हात जोडले. म्हाताऱ्यास नवल वाटलेलें दिसलें नाहीं. तो म्हणाला, “गुरुजी, पयल्या पान्याचा लोंढा आला का तळचा गाळ उसळतो नि मासा गुदमरतो. आमच्या बापालाबी ठावं व्हतं. त्या सांजंला आमी जाळीं काढाया उतरलो व्हतो, वाहून जातील म्हून.” मग थोडा थांबून म्हणाला, “तुमी इचारलंच नाय.”

आम्हांजवळ यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

ग्रामपंचायतींत आम्हीं आतां दुसरा अर्ज दिला आहे. पहिल्या अर्जांतील आरोप निराधार होता असें त्यांत लिहून, त्या कुटुंबास जुन्या जागीं परत येऊं द्यावें अशी विनंति केली आहे. सही करणाऱ्यांपैकीं चौघांनीं याहि अर्जावर सही केली. बाकीचे विचार करीत आहेत. घरांतहि बोलणें झालें. माघापासून पंप बंद ठेवावयाचा आणि परसांतील झाडांस न्हाणीघराचें पाणी घालावयाचें असें ठरलें आहे. केळी कदाचित् जगणार नाहींत. सुनांनीं या निश्चयास मुलांच्याहि आधीं रुकार दिला, हें येथें नमूद केलें पाहिजे.

वाचकांच्याहि गांवीं एखादा डोह असेल. पहिल्या पावसानंतर त्यांत मासे मेलेले दिसले तर विष घालणारे नाहींतच असें आम्ही म्हणत नाहीं; तसे लोकहि असतात. परंतु अर्ज लिहिण्यापूर्वीं पाणी तपासून घ्यावें, वरच्या अंगास धार कोठें तुटली आहे तें चालत जाऊन पाहावें, आणि डोहाच्या कांठीं जो राहतो त्यास आधीं विचारावें. आमच्या नातीस जें सुचलें तें आम्हांस तीन वर्षांपूर्वीं सुचलें असतें, तर एका घराचें छप्पर ऐन पावसांत मोडलें नसतें.