पिकअप उंच केली, पण गोळा तिथंच राहिला



मागच्या महिन्यात आपल्या एका तरुण सभासदानं पानावर पिकअपचा फोटो टाकला होता. सगळ्यांनी बघितलाच असेल. मागं-पुढं पाट्याखाली लोखंडी ठोकळे, मोठाले टायर, चाक आणि मडगार्डच्या मधून लहान पोरगं आरपार जाईल एवढी जागा. खाली पन्नासेक जणांनी विचारलं, कुठं केली, किती लागले. मी काहीच लिहिलं नाही. पोराचा दुसऱ्या दिवशी फोन आला, "काका, तुम्ही गप्प का? गाडी आवडली नाही का?"

गाडी दिसायला चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पण आता अजून तीन जण तसंच करायला निघालेत आणि त्यातल्या दोघांनी संस्थेकडं उचल मागितली आहे, म्हणून गप्प राहणं बरोबर नाही.

आधी अडचण काय आहे ते मान्य करू. फाल्गुन उलटला की कारंजाचं पाणी मागं सरकतं. पावसाळ्यात जिथं होडी लागते तिथून पाणी कुठं एक तर कुठं दोन किलोमीटर आत जातं, आणि मधी राहतो तो गाळ. बीदरकडच्या जांभ्याच्या लाल माळावर कुणाला गाडी उंच करावी लागत नाही. भालकी-औरादकडची काळी जमीन वेगळी. वरून वाळलेली दिसते, भेगा पडलेल्या असतात आणि खाली लोण्यासारखी मऊ. भरलेली पिकअप त्यात बसली की ट्रॅक्टर येईपर्यंत दीड-दोन तास जातात. चाळीस-बेचाळीस डिग्रीत तेवढ्या वेळात बर्फाचं काय होतं ते घरातल्या बाईला विचारा, तिलाच माशाचे डोळे पांढरे झालेले पहिल्यांदा दिसतात. चुळकी नाला असो, आळंदची अमर्जा असो, सगळीकडं हीच रड आहे. त्यामुळं पोरं उगीच हौस करतात असं मी म्हणणार नाही.

पण गाडी उचलली म्हणजे नक्की काय उचललं, हे एकदा गाडीखाली वाकून बघा. मागच्या एक्सलच्या मध्यावर जो गोल डब्बा असतो, डिफरेन्शियलचा, त्याला आपण गोळा म्हणू. पाटे वाढवले, ठोकळे घातले, तर चासी वर जाते, बॉडी वर जाते, ड्रायव्हर वर जातो. गोळा जिथं होता तिथंच राहतो, कारण तो चाकांच्या सोबत असतो, पाट्यांच्या वर नसतो. गाळात पहिल्यांदा टेकतो तो हाच गोळा. चार इंच गाडी उचलली तरी गोळ्याखालची जागा एक सूतही वाढत नाही.

गोळा वर न्यायचा तर टायर मोठा लागतो. त्याचा हिशोब मी कागदावर केला. २१५/७५ आर १५ असा टायर घेतला तर त्याची पूर्ण उंची साधारण ७०३ मिलिमीटर भरते. पोरांना हवा असतो तो ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक ८४ चा. पण एक्सल चाकाच्या मध्यावर असतो म्हणून गोळा उचलला जातो त्याच्या निम्मा, ४२ मिलिमीटर. तीन बोटं म्हणा. एवढ्या तीन बोटांसाठी पुढचं सगळं रामायण आहे.

कारण टायर मोठा झाला की गाडीचे सगळे गिअर एकदम जड होतात. चाकाचा एक फेरा पूर्वीपेक्षा जवळजवळ १२ टक्के जास्त रस्ता कापतो, पण तो फिरवणारं इंजिन तेच. पहिल्या गिअरमध्ये चढ चढताना गाडी गुदमरते, ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून ओढतो आणि क्लच प्लेट जळते. मीटर गिअरबॉक्सवरून चालणारं असेल तर ६० दाखवतं तेव्हा गाडी ६७ नं पळत असते. म्हणजे ज्या गाळासाठी टायर घातला, त्याच गाळात गाडी आधीपेक्षा अशक्त झाली.

मग मिस्त्री सांगतो, क्राऊन-पिनियन बदला. इथं तो बरोबर सांगतो, हे मी कबूल करतो. समजा गाडीत ९/४१ चा जोड आहे. पिनियनला नऊ दात, क्राऊनला एक्केचाळीस. एक्केचाळीस भागिले नऊ, म्हणजे ४.५६. शाफ्ट साडेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. ३१ इंची टायर घातल्यावर हाच जोड ४.०७ असल्यासारखा वागतो. पूर्वीचा जोर परत आणायचा तर ५.१ च्या आसपासचा जोड लागतो, म्हणजे ८/४१. त्यानं गाडी जागेवर येते, मीटरही बऱ्यापैकी खरं बोलायला लागतं. ज्यानं टायर बदलला आणि हे केलं नाही त्यानं अर्धंच काम केलं. आणि ज्यानं टायर तोच ठेवून नुसतं ८/४१ घातलं, त्याचं इंजिन हायवेवर वर्षभर बारा टक्के जास्त फिरणार. डिझेलचा हिशोब त्यानं स्वतःच करावा.

आठ दातांचं पिनियन नऊ दातांच्यापेक्षा बारीक असतं, हेही ध्यानात ठेवा. जोर वाढला आणि जोर सोसणारा तुकडा लहान झाला.

दुसरं, क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेली असते. दोन्हींवर जुळणारा नंबर असतो. एकाचं क्राऊन, दुसऱ्याचं पिनियन असं चालत नाही. बसवताना शिम घालून दोघांमधली खेळ मोजावी लागते, दातांना रंग लावून घासण्याची खूण कुठं पडते ते बघावं लागतं. डायल गेज नसलेल्या मिस्त्रीनं हे काम हाताच्या अंदाजानं केलं तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे.

मागच्या वैशाखातली गोष्ट. आपल्याच एका सभासदाची उंच केलेली गाडी पहाटे हैदराबादला निघाली होती, कटला आणि रोहू मिळून चार क्विंटल माल. हुमनाबाद सोडून जहीराबादच्या वाटेला लागल्यावर मागून घुंग घुंग आवाज यायला लागला. ड्रायव्हरनं टेपचा आवाज वाढवला. (हसू नका, आपण सगळे हेच करतो.) थोड्या वेळानं एकच कडाड आवाज, आणि गाडी जागेवर. मला फोन आला तेव्हा साडेसहा वाजले होते. मी मोटारसायकलवर गेलो. गोळा उघडला तर नव्वद नंबरच्या तेलात पिनियनचे दात दातांसारखेच पडलेले. क्राऊन जुनं, पिनियन नवीन, नंबर वेगळे. कुणी बसवलं ते इथं लिहीत नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत अकरा वाजले. मंडईची वेळ गेली. माल तिथंच रस्त्यावर मिळेल त्या भावानं विकला. चौदा घरांची त्या दिवसाची वाटणी होती त्यात. त्या संध्याकाळी हिशोबाची वही उघडताना कुणाच्या तोंडाकडं बघायचं हे मला कळत नव्हतं.

काही जण म्हणतील, मग क्राऊन-पिनियनची भानगडच नको, मोठ्या गाडीचा अख्खा एक्सलच भंगारातून आणू. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या एक्सलची रुंदी वेगळी, पाटे बसायची जागा वेगळी, चाकाच्या नटांचं माप वेगळं. ती जागा वेल्डिंगनं केली की एक्सलचं नळकांडं तापून वाकतं आणि मग टायर एका बाजूनं झिजत राहतो. त्याच्या ब्रेकचे सिलिंडर मोठे असतील तर आपल्या गाडीचा मास्टर सिलिंडर त्यांना पुरत नाही, पेडल खाली जातं. आणि ज्या एक्सलमध्ये गाडीचं वजन शाफ्टवरच असतं, तिथं शाफ्ट तुटला तर चाक शाफ्टासकट बाहेर येतं. फोर व्हील गाडी असेल तर पुढचा आणि मागचा जोड एकच लागतो. मागं ८/४१ आणि पुढं ९/४१ ठेवून फोर व्हील टाकली की दोन्ही एक्सल एकमेकांना ओढतात आणि मधला गिअरबॉक्स फुटतो.

हे सगळं नीट करणारी माणसं जगात आहेत. आइसलंडमध्ये आर्क्टिक ट्रक्स नावाची कंपनी १९९० पासून टोयोटाच्या गाड्यांना प्रचंड टायर घालून बर्फाच्या थरावर चालवते. पोरं मोबाईलवर तेच बघतात. पण त्यांचं गिऱ्हाईक बर्फावर जायला गाडी घेतं आणि त्या कामाचे पैसे मोजतं. आपली पिकअप वर्षातले दहा महिने डांबरी रस्त्यावर असते, कर्जाचा हप्ता तिच्याच भाड्यातून जातो, आणि गाळात ती असते दोन महिने, दिवसाचा एखादा तास.

मला सगळ्यात जास्त भीती ब्रेकची वाटते. मोठ्या टायरला थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो, हे एक. दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीला एक बारीक दांडी जोडलेली असते आणि तिच्या टोकाला एक वॉल्व्ह असतो. गाडी भरली की पाटे दबतात, दांडी हलते, वॉल्व्हला कळतं की वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त तेल सोडतो. तुम्ही ठोकळे घालून चासी वर उचलली की त्या वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. माल भरलेला, बर्फ भरलेला, आणि मागचे ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचे. वरून ब्रेकचा रबरी पाइप ताणलेला. बर्फाची पेटी आधीपेक्षा चार-सहा इंच वर गेलेली, वितळलेलं पाणी आत हेलकावे खातंय, आणि समोर उसाचा ट्रॅक्टर वळतोय. पुढचं मी लिहीत नाही.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीनं जे बनवलंय त्यात फरक पडेल असा बदल मालकानं करू नये. ९ जानेवारी २०१९ ला केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या सुधारणेनंतर कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दर बदलामागं, हे वाचा. टायर वेगळा, ठोकळे वेगळे, एक्सल वेगळा. दंड एकवेळ भरता येईल. पण अपघात झाला आणि सर्व्हेअरनं गाडीखाली वाकून ठोकळे बघितले, तर विम्याचा क्लेम अडवायला त्याला आयतं कारण मिळतं.

आता, मग करायचं काय? ऑफिसात बसून सांगणं सोपं आहे, हे मला माहीत आहे, तरी सांगतो. आपल्याकडं पाण्यात चालणारी एक गाडी आधीच आहे, ती म्हणजे होडी. पिकअपला होडीपर्यंत नेण्यापेक्षा होडी मुरमाच्या काठाला आणावी. अर्धा तास जास्त वल्हवावं लागेल, आणि साठीच्या पुढच्या सभासदांना तो अर्धा तास जड आहे, हेही खरं. त्यांचा माल तरुणांच्या होडीतून आणायची पाळी लावता येईल. उरलेल्या तुकड्याला ट्रॅक्टर-ट्रॉली रोजानं लावावी. ट्रॅक्टरचं चाक, वजन, गिअर हे गाळासाठीच बनवलेलं असतं, त्याला काही बदलावं लागत नाही. दोन महिन्यांचं भाडं सगळ्या होड्यांवर वाटलं तर एका गाडीच्या एक्सल-टायरच्या खर्चापेक्षा कमी येतं, मी आकडे मांडून ठेवलेत.

शिवाय २०२० साली आलेल्या मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह मोटारसायकलचं युनिट ७५,००० रुपयांचं धरलं आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान. काठावरून डांबरीपर्यंत माल आणायला ती पुरते. यंदाचे अर्ज घेतात का ते मी मत्स्य खात्यात जाऊन विचारून येतो.

आणि पिकअप गाळात न्यावीच लागली तर रिकामी न्या, टायरची हवा थोडी कमी करा, भरून डांबरीला लागायच्या आधी पूर्ण भरा. हवेचा छोटा पंप संस्थेनं घ्यावा असं माझं मत आहे.

ज्या दोघांनी उचल मागितली आहे, त्यांचा अर्ज मी फेटाळलेला नाही, फेटाळणं माझ्या हातातही नाही. येत्या बैठकीत तो मांडणार आहे. त्यासोबत दुसरा ठरावही मांडतोय की तेवढ्याच पैशात काठाला दोनशे फूट मुरूम टाकायची परवानगी नीरावरी निगमाकडं मागावी. दोन्हींवर हात वर करून मत घेऊ. ज्यांच्या गाड्या आधीच उंच झाल्या आहेत त्यांनी बैठकीला येताना गाडी घेऊन या, मागच्या ब्रेकची ती दांडी तेवढी आपण सगळे मिळून बघू. त्या दिवशी ब्रेकचं काम जाणणारा एक मिस्त्री मी बोलावला आहे, त्याचा चहा माझ्याकडून.