पेरू आणि परेरा



या सदरात मी बी-बियाणे, खते आणि कीड-रोग यांच्या पलीकडे सहसा जात नाही. पण मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीने विचारले, "आमच्या मुलीच्या वसतिगृहात बोरिवलीकडची परेरा नावाची मुलगी आहे. घरी मराठी बोलते, तांदळाच्या भाकऱ्या झकास करते, आणि आडनाव मात्र परेरा. हे आडनाव पेरणीवरून आले का?" पत्र वाचून हसू आले आणि लगेच स्वतःची एक फजिती आठवली. ती आधी सांगतो.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. भाताची मिनीकिटे वाटायला बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला गेलो. खाडीच्या एका अंगाला इमारती आणि दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे. नियम असा, की एका कुटुंबाला एक मिनीकिट. यादीत चार परेरा होते, तेही एकाच आळीतले. मी आमच्या देशावरच्या हिशेबाने चौघांना भाऊबंद धरले, तीन नावांवर काट मारली आणि एकच पिशवी पहिल्याच्या हाती दिली. तेवढ्यात लुगड्याचा काष्टा मारलेल्या एक आजी पुढे आल्या. म्हणाल्या, "साहेब, ही चार घरं आहेत. आमची भाऊकी नाही, सोयरीक आहे. समोरच्या परेराकडे माझी लेक दिली आहे."

मी गप्पच झालो. शेतकी महाविद्यालयात आम्हाला वाणांच्या जाती शिकवल्या, माणसांच्या आडनावांचे कोणी काही सांगितले नव्हते. मग त्या निमित्ताने विचारपूस केली, थोडे वाचले, आणि या आडनावात आपल्या शेतीचाच धागा निघाला.

पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपतीचे फळ. आपण आंबा म्हणतो तो फळालाही आणि झाडालाही. पोर्तुगीज माणूस झाडाचे नाव घेताना फळाच्या नावाला 'एरा' किंवा 'एरू' असे शेपूट लावतो. पेराचे झाड ते परेरा. झाले, परेरा म्हणजे नासपतीचे झाड. नासपतीची बाग असलेल्या वाडीला परेरा म्हणत आणि तिथला राहणारा माणूसही परेरा. आपल्याकडे फणसे, पिंपळे, आंबेकर आहेतच की! या आडनावाचा सर्वांत नामांकित पुरुष म्हणजे सेनापती नूनो आल्वारेस परेरा. १३८५ साली अल्जुबारोताच्या लढाईत त्याने पोर्तुगालचे राज्य राखले, आणि २००९ साली पोपनी त्याला संत म्हणून जाहीर केले.

आता गंमत पाहा. अमेरिका खंडातले एक फळ पोर्तुगिजांच्या हातून गोव्याला आले. दिसायला नासपतीसारखे, म्हणून त्यांनी त्यालाही पेराच म्हटले. त्याचाच आपल्या तोंडी पेरू झाला. पेरू नावाच्या देशावरून हे नाव आले असे काही जण सांगतात, पण भाषेच्या जाणकारांचा कौल पेराकडेच आहे. म्हणजे पेरू आणि परेरा हे शब्दाने सख्खे. वनस्पतिशास्त्राने मात्र नव्हेत. पेरू जांभळाच्या कुळातला, नासपती सफरचंदाच्या. आणि भगिनी, आपली पेरणी अस्सल देशी आहे, तिचा या दोघांशी संबंध नाही.

परेराचेच असे नाही. त्या लोकांची कितीतरी आडनावे रानातून आणि शिवारातून आलेली आहेत. सिल्वा म्हणजे रान, ऑलिव्हेरा म्हणजे ऑलिव्हचे झाड, फिगेरा अंजिराचे, कार्व्हालो ओकचे. मचाडो म्हणजे कुऱ्हाड, कोयलो म्हणजे ससा, लोबो म्हणजे लांडगा. फर्नांडिस आणि रॉड्रिग्ज ही बापाच्या नावावरून झालेली, तर डिसोझा हे पोर्तुगालमधल्या सोझा नदीकडचे.

मग ही नासपती आपल्या खाडीकाठी कशी रुजली? गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी तेव्हाच्या साष्टीतली गावे. मागोमाग पाद्री आले. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर त्यांनी मठ बांधला, त्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. अंधेरीच्या मरोळला १५७९ साली चर्च झाले. पुढे साथीमुळे ते ओस पडले. १९७३ साली तिथे सीप्झची वसाहत झाली, आणि त्या पडक्या भिंती आता कारखान्यांच्या मधोमध आहेत.

इथले कुणबी, कोळी, भंडारी ख्रिस्ती झाले तेव्हा बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या धर्मपित्याचे नाहीतर पाद्र्याचे आडनाव त्यांना मिळाले. रक्ताचे नाते नाही, पोर्तुगालचे तोंड पाहिलेले नाही, पण एका दिवसात कुणबी परेरा झाला. शेजारच्या घरच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता दुसराच असला, तरी तोही परेराच निघायचा, कारण पोर्तुगालात हे आडनाव आपल्याकडच्या पाटलांइतकेच मुबलक. गोराईच्या आजींच्या लेकीचे सासर परेरा निघाले ते यामुळे. श्रीलंकेतही असेच घडले. तिथल्या क्रिकेट संघातले परेरा आपल्या पोरांना पाठ असतात, आणि तिथे हे आडनाव लावणारी बौद्ध घराणीही पुष्कळ आहेत.

साष्टी आणि वसई मराठ्यांनी घेतली. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ साली सर केला. पोर्तुगीज गेले, आडनावे राहिली. भाषा मराठीच राहिली, भातही राहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजत-गाजत 'उंबराचे पाणी' आणायचे, आणि ऑक्टोबरात आगेऱ्याला नव्या भाताची कणसे चर्चमध्ये न्यायची, हे आजही चालते. पुढे गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती नोकरीसाठी मुंबईत आले. त्यांचीही आडनावे परेरा, डिसोझा, फर्नांडिस. मग आम्ही इथले मूळचे, हे सांगायचे कसे? १८८७ साली इथल्या लोकांनी आपली संस्था काढली आणि स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतले.

ही झाली हकीगत. पण आडनाव मुबलक झाले की कागदोपत्री काय होते, ते त्याच आजींनी मला दाखवले. त्यांच्या घरात बसल्यावर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून सातबारा काढला. गावात संतांची मोजकी नावे, आणि तीच पिढ्यान्‌पिढ्या फिरून येतात. आजींच्या सासऱ्यांच्या नावाचा दुसरा एक परेरा त्याच गावात होऊन गेला होता. तलाठ्याने सासऱ्यांच्या बापाचे नाव लिहिताना या दोघांची गल्लत केली. सासरे वारले, वारस नोंद अडली. नवरा वारला, तीही अडली. जमीन आजी कसत होत्या, पण कागदावर ती त्यांची नव्हती. जमिनीला तेव्हा भाव येऊ लागला होता, आणि दुसऱ्या घरातले कोणीतरी मुंबईच्या दलालाशी बोलत असल्याची कुणकुण त्यांना लागली होती. "पेरायला बी देता साहेब," त्या म्हणाल्या, "पण उद्या शेत माझं आहे का ते सांगा."

मला तेव्हा नीट सांगता आले नाही, कारण महसुलातले मला फारसे कळत नव्हते. कचेरीतल्या एका जाणत्या कारकुनाने वाट दाखवली. नुसती लिहिण्यातली चूक असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मालकीचाच वाद असेल तर ते कलम पुरे पडत नाही. अर्जाला पुरावा लागतो, आणि या बाबतीत आजी नशीबवान निघाल्या. चर्चच्या जुन्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद होती. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आणि धर्मपित्याचेसुद्धा. दोन परेरांच्या आया वेगळ्या होत्या, त्यावरून घराणी वेगळी काढता आली.

तुमच्या गावात परेरा नसतील, पण जाधव, पाटील, शिंदे तर घरोघर आहेत. आजच सातबारा आणि आठ-अ काढून आजोबांपर्यंतची नावे ताडून पाहा. नावात एखादा काना-मात्रा चुकला असला तरी सोडू नका. शाळेचा जुना दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना फेरफार, जे असेल ते जपून ठेवा. आणि वंशावळीत बायकांची नावे लिहायला विसरू नका. आजींचे काम आयांच्या नावांवरच झाले.

तीन मिनीकिटे मी पुढच्या सोमवारी नेऊन दिली. सातबाऱ्याची दुरुस्ती व्हायला चार पावसाळे गेले. नवा उतारा आजींनी हौसेने मला दाखवला. नाव बरोबर होते, बापाचे नाव बरोबर होते. फक्त उताऱ्यावर 'पेरेरा' होते आणि रेशन कार्डावर 'परेरा'.