मार्चअखेर आणि पाकोळी

निसर्गरक्षणाचे व्रत घेतलेल्या संस्थेची पारख तिच्या अहवालातील छायाचित्रांवरून किंवा तिला लाभलेल्या मानपत्रांवरून न करता, तिचे वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होते आणि कोणत्या महिन्यात तिची माणसे सर्वाधिक दमतात, एवढ्या एकाच प्रश्नावरून करावी, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे. आणि त्यास कारण झाले आहेत ते वेंगुर्ल्यासमोरच्या खुल्या समुद्रातील काही ओसाड खडक.

वेंगुर्ले आम्हां बेळगावकरांना परके नव्हे. रेल्वे येण्यापूर्वी आमच्या छावणीचा सरंजाम त्याच बंदरात उतरून घाटमार्गे वर येत असे. आणि आज त्याच दिशेने आम्ही आंबोलीचे धुके पाहत मासळीच्या जेवणासाठी खाली उतरतो. मात्र बंदराच्या पलीकडे, ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हणून नौकानयनाच्या नकाशांत दाखल असलेल्या आणि दीपगृहामुळे खलाशांच्या परिचयाच्या झालेल्या त्या बेटांकडे आमच्यापैकी फारच थोड्यांची दृष्टी गेली असेल. त्यांतील एका बेटावरच्या गुहेत भारतीय पाकोळी वीण घालते. चिमणीएवढा हा करडा पक्षी, जेथे डोळ्यांस काही दिसत नाही अशा अंधारात टिकटिक असा नाद करीत, त्या नादाच्या प्रतिध्वनीवरून भिंतीचा ठाव घेत उडतो आणि स्वतःच्या लाळेत पिसे व काडीकचरा कालवून ओल्या कातळाला अर्ध्या वाटीच्या आकाराचे घरटे चिकटवितो. ती लाळ वाळली की घट्ट होते. आणि तिचे सार पूर्वेकडील देशांत श्रीमंतांच्या पानात पडत असल्यामुळे या अर्ध्या वाटीला सोन्याचांदीशी तुलना व्हावी असा भाव येतो.

चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ सालची. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००१ साली या बेटावर गेले, तेव्हा गुहेत त्यांना पक्ष्यांइतक्याच ठळकपणे बांबूच्या परांच्या आढळल्या. घराला गिलावा करणारे गवंडी बांधतात तशाच त्या होत्या. फरक इतकाच की येथे भिंतीला काही लावायचे नसून भिंतीवरचे खरवडून न्यायचे होते. घरटे गेले म्हणजे पाकोळी पुन्हा लाळ वेचून दुसरे बांधते, तेही गेले तर तिसरे बांधू पाहते, आणि या खटाटोपात अंडी घालण्याचा हंगाम व अंगातले बळ दोन्ही ओसरतात. म्हणजे एकही पक्षी न मारता वसाहत निर्वंश करण्याची ही तऱ्हा होय. संस्थेने सरकारदरबारी दाद मागितली, बेटावर पाळत सुरू केली, आणि पुढे पाकोळीस वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. येथे एखाद्या संस्थेने सत्कार स्वीकारून विषय मिटविला असता. परंतु अनुसूची मुंबई-दिल्लीच्या दप्तरात असते आणि परांची गुहेत बांधली जाते, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांना तसे करणे शक्य नव्हते.

अशा बेटाचे वर्ष कसे असते, ते पाहण्याजोगे आहे. थंडी सरली की पाकोळ्यांची बांधाबांध सुरू होते, आणि तेथून वळवाच्या पावसापर्यंतचे महिने हेच चोरांचे व राखणदारांचे दोघांचेही सुगीचे दिवस. होडी ठरवायची, तांडेलाची मर्जी आणि वारा यांचा मेळ घालायचा, धक्का नसलेल्या खडकावर लाट वर येताच उडी टाकायची, आणि वटवाघळांच्या व पाखरांच्या विष्ठेचा दर्प सोसत बॅटरीच्या उजेडात घरटी मोजायची, हे काम चैत्र-वैशाखाच्या उन्हात करावयाचे असते. पुढे जून उजाडला की मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याच पहारेकरी होतो. माणसाची अडचण होते ती कित्येकदा पाखरांची सोय असते, आणि याच बंदच्या काळात सुरय जातीचे समुद्रपक्षी अशा खडकांवर निर्वेध अंडी घालतात.

आता या वर्षाशेजारी आमचे वर्ष ठेवून पाहावे. पर्यावरण दिन ५ जूनला येतो, तेव्हा बेटाकडे जाणारी वाट बंद झालेली असते. वन्यजीव सप्ताह ऑक्टोबरच्या प्रारंभी येतो, तेव्हा पाकोळीची पिले केव्हाच उडून गेलेली असतात आणि उत्तरेकडून यावयाचे हिवाळी पाहुणे अद्याप वाटेवर असतात. आणि ऐन मार्चमध्ये, जेव्हा गुहेतील घरट्यांना डोळ्यांत तेल घालून जपावयाचे, तेव्हा यच्चयावत कारकून, अधिकारी व अनुदानित संस्थांचे चिटणीस मार्चअखेरच्या पावत्या जुळविण्यात गढलेले असतात. निपाणीच्या तंबाखूवाल्याला कोणी सांगितले की तुझे वर्ष एक एप्रिलला सुरू होते, तर तो हसेल. कारण रोप टाकण्यापासून शेंडे खुडण्यापर्यंत आणि पुढे पाला वाळवून वखारीत पोचविण्यापर्यंत त्याचे पंचांग पिकाने ठरविलेले असते. निसर्गरक्षणाला मात्र आपण खजिन्याचे पंचांग लावतो, आणि काम का झाले नाही म्हणून खेद व्यक्त करतो.

हे सारे कोकणचे झाले, आम्हांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आंबोलीच्याच माथ्यावर उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते, आणि त्या घटप्रभेवर गोकाकनजीक धुपदाळला १८९७ साली जो बंधारा झाला त्याच्या फुगवट्यात आमचीही बेटे आहेत. ज्या घटप्रभेचे नाव बहुतेकांना डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलामुळे ठाऊक, तेथेच १९७४ पासून सुमारे तीस चौरस किलोमीटरचे पक्षी अभयारण्य सरकारी दप्तरी रुजू आहे. हिवाळ्यात तेथे पांढरे करकोचे येतात, मध्य आशियातून कांड्या करकोच्यांचे थवे येतात आणि पहाटे आसपासच्या शेतांत उतरतात. त्या पाण्याची पातळी ठरविते पाटबंधारे खाते, पाखरांची जबाबदारी वनखात्याची; आणि कालव्याला पाणी सुटून फुगवटा ओसरला की बेटाची काठाशी गाठ पडते, मग भटक्या कुत्र्यांना व गुरांना कोणी हुकूमनामा दाखवावा? दोन खात्यांमधल्या या मोकळ्या पट्टीत उभे राहणारे जे तिसरे कोणी लागते, ते आपल्याकडे बारमाही नाही.

आणि तसे नसणे या मुलखाला शोभत नाही. सीमाभागातील माणसाला चिकाटी शिकविण्याची गरज कोणालाही पडू नये. सीमाप्रश्नावरील महाजन आयोगाच्या अहवालाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, न्यायालयातील दावा २००४ पासून चालू आहे, आणि तरीही १७ जानेवारी व १ नोव्हेंबर या तारखा येथे दरसाल पाळल्या जातात. या प्रश्नाच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. मात्र तारखा पाळण्याची ही आपली सवय बेटाच्या बाबतीत तोकडी पडते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तेथे सभा, ठराव व मिरवणूक यांचा उपयोग अल्प, आणि तिथी नसलेल्या एखाद्या मंगळवारी दुर्बीण व वही घेऊन काठावर बसणाऱ्याचा उपयोग फार.

म्हणून मागणी मोठी नाही. धुपदाळच्या पाण्यावर जाळी टाकणारे व काठावर गुरे चारणारे जे लोक आहेत, त्यांच्यापैकी दोघा-तिघांना वर्षभर नोंदी ठेवण्याचे काम द्यावे. त्यांच्या नोंदी कन्नडमध्ये असोत की मराठीत, त्या दर महिन्यास दोन्ही खात्यांच्या टेबलावर पोहोचाव्यात आणि पाणी सोडण्यापूर्वी त्या वाचण्याचे बंधन पाटबंधारे खात्याने स्वीकारावे. त्या माणसांच्या रोजाची तरतूद सरकारी अनुदानावर सोपविली तर ती बहुधा मार्चमध्येच अडकेल. तेव्हा बेळगावच्या उद्यमबागेतील कारखानदारांनी आणि निपाणीच्या वखारवाल्यांनी ती येत्या नोव्हेंबरपूर्वी उचलावी, आणि पहिल्या वर्षी तरी कोनशिलेचा आग्रह धरू नये.