‘कशावरून?’ हा प्रश्न कुठे थांबतो?

दोस्तांनो, या आठवड्यात एक सोपा खेळ खेळू या. खेळाचं नाव ‘कशावरून?’. नियम एकच. समोरच्यानं काहीही सांगितलं की लगेच विचारायचं, “कशावरून?” बस्स! खेळ सोपा असला तरी भल्याभल्यांना घाम फोडणारा आहे, बरं का!

समजा, भिवंडीजवळच्या टेमघरमधलं एक घर आहे. ताई नववीत, भाऊ पाचवीत. ताई भूमितीचा गृहपाठ करतेय आणि भाऊ तिला छळतोय.

“त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते.”

“कशावरून?”

“वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची. व्युत्क्रम कोन सारखे असतात, म्हणून तिन्ही कोन त्या रेषेवर शेजारी शेजारी येऊन बसतात. झाले की नाही १८०?”

“पण व्युत्क्रम कोन सारखे असतात, हे कशावरून?”

“अरे, ते सारखे नसते तर त्या दोन रेषा एका बाजूला एकमेकींकडे कलल्या असत्या आणि पुढे जाऊन भेटल्या असत्या. समांतर रेषा कधी भेटतात का?”

“कलल्या म्हणजे भेटणारच, हे कशावरून?”

इथे ताई गप्प!

आता ती दोन प्रकारची उत्तरं देऊ शकते. पहिलं, “गप्प बस, पुस्तकात दिलंय!” आणि दुसरं, “हे आपण मानून चाललोय.” ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात, नाही? पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजचा सगळा लेख त्या फरकाचा आहे.

आधी एक गोष्ट कबूल करू. ‘कशावरून’ कुठेतरी थांबवावंच लागतं. नाहीतर प्रश्नांची माळ संपतच नाही, किंवा मग आपण गोल गोल फिरतो. “आंबा म्हणजे काय?” “आंब्याच्या झाडाला लागतो तो.” “आंब्याचं झाड म्हणजे काय?” “ज्याला आंबे लागतात ते!” हे काही उत्तर झालं नाही. घराला जसा पाया लागतो, तशी सिद्धतेलाही काही वाक्यं लागतात. ती सिद्ध न करता मान्य करायची आणि बाकी सगळं त्यांच्यावर रचायचं.

सुमारे २३०० वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात युक्लिड नावाच्या ग्रीक गणितीनं हेच केलं. त्याच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाचे १३ भाग आहेत आणि त्यांत ४६५ प्रमेयं आहेत. पण सगळ्यात आधी त्यानं काय केलं? आपण काय काय मानून चाललोय, त्याची यादी सुरुवातीलाच उघडपणे लिहून टाकली. लपवाछपवी नाही!

यादीतल्या काही गोष्टी सगळ्याच मोजमापांना लागू पडतात. त्यांना स्वयंसिद्धं म्हणतात. भिवंडीच्या कापडावरूनच बघा. दोन तुकडे एकाच मापाच्या पट्टीशी बरोबर जुळले, तर ते एकमेकांशीही जुळणार. सारख्या लांबीच्या दोन ताग्यांतून सारखं कापड कापलं, तर उरलेलं कापडही सारखंच असणार. आणि तुकड्यापेक्षा अख्खा तागा मोठाच असणार. यावर कोण भांडेल?

दुसऱ्या गोष्टी खास भूमितीच्या. ही युक्लिडची पाच गृहीतकं.

पहिलं : कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेनं जोडता येतात. टेमघरच्या मुलांना दोन बिंदू शोधायला लांब जायला नको. ‘स्टेम’ या पाणीपुरवठा योजनेच्या नावातच ते आहेत, शहाड आणि टेमघर! उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलतात आणि टेमघरला शुद्ध करतात. पाइप जमिनीवरून कसाही वळत जावो, नकाशावर पट्टी ठेवून शहाड आणि टेमघर जोडणारा रेषाखंड मात्र एकच निघतो.

दुसरं : तो रेषाखंड दोन्ही टोकांकडून हवा तेवढा सरळ वाढवता येतो.

तिसरं : कोणताही केंद्रबिंदू आणि कोणतीही त्रिज्या घेऊन वर्तुळ काढता येतं. अंगणात खुंटी ठोका, दोरी बांधा आणि दुसऱ्या टोकाला खडू धरून फिरा. झालं!

चौथं : सगळे काटकोन एकमेकांएवढेच असतात. वाचून हसू येतं ना? पण विचार करा. टेमघरच्या बांधकामावर गवंड्यानं गुण्या लावून जुळवलेला कोपरा आणि नागपूरच्या गवंड्यानं जुळवलेला कोपरा, दोन्ही एकच. म्हणजे प्रतल इथूनतिथून सारखंच आहे, हे आपण मानलं.

आणि पाचवं. इथेच ताई अडली होती! दोन रेषांना एका छेदिकेनं छेदलं आणि एका बाजूच्या दोन आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला भेटतात. तुमच्या पुस्तकात हेच बहुधा सोप्या रूपात असेल : रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एक आणि एकच समांतर रेषा काढता येते.

पहिली चार गृहीतकं कशी चटकन पटतात! पाचवं मात्र लांबलचक आहे. त्यातली खरी अडचण समजून घ्यायला मागाजवळ उभं राहू या. मागावर उभे धागे म्हणजे ताणा. फणीतून गेलेले हे धागे शेजारी शेजारी समांतर चाललेले असतात. धोटा ज्याला इकडून तिकडे नेतो तो आडवा धागा म्हणजे बाणा. तो झाला आपली छेदिका.

आता कल्पना करा, एक मिलिमीटर अंतरावरचे दोन उभे धागे आहेत. एक बाण्याशी बरोबर काटकोनात आहे, दुसरा त्याच्याकडे फक्त एक अंश कललेला. ते कुठे भेटतील? साधारण ५७ मिलिमीटरवर. पट्टीनं मोजता येईल. कल एका अंशाचा शंभरावा भाग असेल तर? भेट जाईल पावणेसहा मीटरवर. खोलीच्या पलीकडे! आणि कल एका अंशाचा दशलक्षावा भाग असेल तर? भेट ५७ किलोमीटरवर! कल आणखी कमी केला की भेट आणखी लांब. ती खरंच झाली का, हे बघायला कोण जाणार? म्हणजे पाचवं गृहीतक डोळ्यांनी तपासून पटवता येत नाही. ते मानावं लागतं.

गणितज्ञांना हे खुपत होतं. त्यांना वाटायचं, हे गृहीतक नसून प्रमेय असावं, पहिल्या चारांवरून सिद्ध करता येईल. जवळजवळ दोन हजार वर्षं लोक झटले. इराणचे नसीरुद्दीन तुसी (१२०१ ते १२७४) हे त्यांतलेच एक. हे नाव लक्षात ठेवा, कारण त्यांनी तयार केलेल्या अरबी युक्लिडवरूनच आपल्याकडे संस्कृत युक्लिड आला. जयपूरचे सवाई जयसिंह (१६८८ ते १७४३) यांच्या पदरी असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राट यांनी तो ‘रेखागणित’ या नावानं लिहिला. त्यात १५ अध्याय आणि ४७८ प्रमेयं आहेत. युक्लिडनंतर इतरांनी जोडलेले दोन भागही त्यात आले, म्हणून १३चे १५ झाले. जगन्नाथपंडित मूळचे महाराष्ट्रातले होते, असं परंपरा सांगते. आणि हा ग्रंथ छापला गेला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आपल्या मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत!

पण पाचवं गृहीतक काही सिद्ध होईना. शेवटी रशियाच्या लोबाचेव्हस्कीनं १८२९ मध्ये आणि हंगेरीच्या यानोश बोयाईनं १८३२ मध्ये निराळाच मार्ग जगापुढे मांडला. दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते. ते म्हणाले, पाचवं गृहीतक बदलूनच बघू! बाहेरच्या बिंदूतून एक नाही, अनेक समांतर रेषा जातात असं मानू. सगळं कोसळायला हवं होतं, पण काहीच कोसळलं नाही. एक नवी भूमिती उभी राहिली आणि तिच्यात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०पेक्षा कमी भरते. १८६८ मध्ये इटलीच्या बेल्ट्रामीनं दाखवून दिलं, की या नव्या भूमितीत विसंगती असेल तर ती युक्लिडच्या भूमितीतही असलीच पाहिजे. म्हणजे दोघी सारख्याच भक्कम.

खोटं वाटतंय? मग घरातलं मोसंबं आणा. (खायचं नंतर!) त्यावर पेननं पृथ्वीसारखे दोन ध्रुव आणि मधोमध विषुववृत्त काढा. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत एक रेष ओढा. तिच्याशी ध्रुवावर काटकोन होईल अशी दुसरी रेष विषुववृत्तापर्यंत आणा. झाला त्रिकोण. कोन मोजा : ९०, ९० आणि ९०. बेरीज २७०! विषुववृत्ताला काटकोनात असलेल्या दोन्ही रेषा ध्रुवावर चक्क भेटल्या. मोसंब्यावर समांतर रेषा नाहीतच. तिथे युक्लिडचं पहिलं गृहीतकही मोडतं, कारण दोन ध्रुवांना जोडणाऱ्या सरळ वाटा एक नाही, असंख्य आहेत.

मग ताईचं १८० चुकलं का? मुळीच नाही. वहीच्या सपाट पानावर ते पक्कं आहे. फक्त तिचं पूर्ण वाक्य असं हवं : “ही पाच गृहीतकं मानली, तर बेरीज १८० येते.” त्या ‘मानली, तर’मध्येच तर सगळी गंमत आहे! ‘पुस्तकात दिलंय’ म्हणणारा दार बंद करतो. ‘हे मानलंय’ म्हणणारा सांगतो, की दार कुठे आहे. त्याच दारातून लोबाचेव्हस्की आणि बोयाई गेले आणि १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षण समजावून सांगताना आइन्स्टाइनलाही वक्र भूमितीच उपयोगी पडली.

आई-बाबांसाठी एक शब्द. मुलाचा सातवा ‘कशावरून’ ऐकून डोकं उठतं, हे खरं. पण अशा वेळी “इथपर्यंत सिद्ध करता येतं, इथून पुढे आपण मानतो,” एवढं जरी सांगितलं, तरी मूल गप्प बसत नाही, विचार करायला बसतं.

आणि आता तुमच्यासाठी गृहपाठ. युक्लिडचं पहिलंच प्रमेय आहे समभुज त्रिकोणाचं. रेषाखंड कखच्या दोन्ही टोकांवर कंपासचं टोक ठेवून कख एवढ्याच त्रिज्येची वर्तुळं काढायची. ती जिथे छेदतात तो बिंदू ग. कग आणि खग जोडले की त्रिकोण तयार! आता भावासारखं विचारा, “ती वर्तुळं एकमेकांना छेदतात, हे कशावरून?” वरची पाचही गृहीतकं पुन्हा वाचा आणि उत्तर शोधा.

सापडलं नाही? शाब्बास! कारण ते तिथे नाहीच. वर्तुळं छेदलेली डोळ्यांना दिसतात, पण यादीत तसं कुठेही लिहिलेलं नाही. हे मानलंय असं युक्लिडनं सांगितलंच नाही. १८९९ मध्ये जर्मनीच्या हिल्बर्टनं भूमितीची गृहीतकं नव्यानं मांडली, तेव्हा अशा राहून गेलेल्या जागा भरल्या.

म्हणजे पाचवीतला मुलगा थेट युक्लिडला ‘कशावरून?’ विचारू शकतो आणि त्याचा प्रश्न बरोबर असू शकतो! तेव्हा विचारा, दोस्तांनो. भेटू पुढच्या आठवड्यात.