वसईच्या सहलीविषयीं थोडेंसें

दिवाळीची सुटी संपून थंडी पडूं लागली म्हणजे शाळेंत सहलीची चर्चा सुरू होते. आणि वसईचें नांव निघालें कीं बेत जणूं ठरलेलाच असतो. सकाळीं किल्ला, दुपारीं वज्रेश्वरीचीं ऊन पाण्याचीं कुंडें, सायंकाळीं समुद्रकिनारा. मागें अशी एक सहल मींच आंखली होती. किल्ल्याच्या वांट्यास पाऊण तास आला. त्यांतला निम्मा मोबाईलवर छायाचित्रें काढण्यांत गेला. परत आल्यावर निबंध लिहावयास सांगितला, तेव्हां बहुतेकांनीं लिहिलें कीं, वसईस फार मोठी भिंत आहे. मुलांनीं खोटें लिहिलें नव्हतें. मीं त्यांना भिंतच दाखविली होती.

म्हणून यंदा माझें म्हणणें असें कीं, वसईस जावयाचें तर सबंध दिवस वसईसच द्यावा, आणि किल्ला म्हणून नव्हे, तर एक शहर म्हणून ती पाहावी. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें १५३४ सालच्या तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. तेव्हांपासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचें हें मुख्य ठाणें होतें. त्या तटांत निरनिराळ्या पंथांच्या संन्याशांचे मठ होते, श्रीमंतांचे वाडे होते, रस्ते होते, लग्नें व प्रेतयात्रा होत्या. जमिनीकडील दरवाज्यानें आंत शिरावें आणि हें सर्व पाहात सावकाश समुद्राकडील दरवाज्यापर्यंत चालत जावें. या वाटेंतच शहर कळतें.

वाटेंत कोठें थांबावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या देवळांत घाई करूं नये. तेथील जमिनींत कोरीव अक्षरांचे थडग्यांचे दगड बसविलेले आहेत. लेख पोर्तुगीज भाषेंत असले, तरी लिपि रोमन असल्यामुळें नांव व साल मुलांस लावतां येतें. प्रत्येक मुलानें एकेक दगड निवडून तेवढें वहींत उतरून घ्यावें. इतिहासाच्या पुस्तकांत तह व लढाया पुष्कळ भेटतात, पण अमुक साली कोणाच्या तरी घरचें माणूस गेलें, हें सहसा भेटत नाहीं. समुद्राकडील बाजूस सेंट जोसेफच्या देवळाचा मनोरा आहे. त्यांतील जुना जिना पाहून मुलांचे पाय शिवशिवतात. शिक्षकांनीं आधींच 'नाहीं' म्हणून टाकावें.

गेल्या वेळीं एका पालकांनीं मला विचारलें, "मास्तर, परक्यांच्या पडक्या वाड्यांवर आम्हीं पैसे कां खर्चावे?" हा प्रश्न रास्त आहे. परंतु हें शहर सर्वस्वीं परक्यांचें होतें काय? येथला दगड गोमंतकांत नेऊन जुन्या गोव्याच्या बॉम जेझूच्या देवळास लावला. तो कोणी फोडला, व जहाजांत कोणी चढविला? संत गोन्सालो गार्सिया याच वसईंत जन्मले. बाप पोर्तुगीज, आई इकडची. व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन बंधु झाले, आणि १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें वधस्तंभावर मेले. १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें. आणि तटाबाहेरच्या वाड्यांतून आज जे ख्रिस्ती लोक राहतात, त्यांची घरची बोली मराठीच्या कुळांतली आहे. २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच मातींतले.

दुसऱ्या एका गृहस्थांनीं, ते आमच्याच मंडळींतले, अगदीं उलट सुचविलें: "तेथें धर्मछळाची गोष्ट काढूं नका, मुलांचीं मनें दुखावतात." त्यांचा हेतु चांगला होता, पण मला हें पटलें नाहीं. गोव्यास १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडल्यास, धर्मन्यायसभा चालली, आणि तिचा हात वसईपर्यंत पोंचत होता. डेलॉन नांवाच्या फ्रेंच वैद्यास दमणेस पकडून १६७४ सालीं गोव्यास नेलें, तेव्हां वाटेंत त्यास वसईच्या तुरुंगांत ठेविलें होतें. आणि तो तर ख्रिस्तीच होता. हिंदूंच्या देवळांचें काय झालें, हेंही सांगितलें पाहिजे. आम्हां ख्रिस्ती शिक्षकांनीं तें दुसऱ्यांपेक्षां अधिक उघडपणें सांगावें. आम्हीं गप्प राहिलों तर मुलें तें दुसरीकडून ऐकतील, आणि मग आमच्या बाकीच्या बोलण्यावर तरी विश्वास कां ठेवतील?

चिमाजी आप्पांच्या वेढ्याची हकीकत शेवटीं सांगावी, असें माझें मत आहे. आरंभींच सांगितली कीं मुलें तोफा शोधीत धांवतात. शहर पाहून झाल्यावर सांगितली, तर कोण कशासाठीं लढलें हें कळतें. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत झुंज चालली, सुरुंगांनीं बुरूज उडाले, मराठ्यांचीं असंख्य माणसें पडलीं. इतकें रक्त सांडल्यावरहि मे महिन्यांत शरण आलेल्या पोर्तुगीजांस बायकामुलांसह व चीजवस्तूंसह सन्मानानें जाऊं दिलें. मला या वेढ्यांत सर्वांत मोठें तेंच वाटतें. नाशिकास नारोशंकराच्या देवळाची घंटा ज्यांनीं पाहिली असेल, त्यांनीं वसईच्या विजयाची ती खूण वर्गांत सर्वांस सांगावी.

आतां व्यवहाराचें. पावसाळ्यांत जाऊं नये. दगड निसरडे होतात व गवत माजतें. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पश्चिम रेल्वेनें वसई रोड स्टेशनावर उतरावें. मध्य रेल्वेनें येणारांस मुंबईंत न शिरतां दिव्याहून वसई रोडची गाडी मिळते, मात्र तिच्या फेऱ्या थोड्या असल्यामुळें वेळ आधीं पाहून ठेवावी. स्टेशनापासून किल्ला कांहीं मैल दूर आहे. तेथवर वाहन करावें. पाणी व भाकरी बरोबर असावी. खाऊसाठीं पैसे द्यावयाचे तर वसईच्या केळ्यांचीं सुकेळीं घेण्यापुरते द्यावे. बाटलीबंद सरबतें आपल्याकडेहि मिळतात. उन्हें कलतां समुद्र-दरवाज्यानें बाहेर पडलें म्हणजे कोळ्यांची वस्ती लागते. तेथें वाळत घातलेल्या मासळीच्या वासास कोणीं नाक मुरडूं नये, इतकें मात्र निघण्यापूर्वींच वर्गांत बजावून ठेवावें.