मधले नाव

आमच्या सौभाग्यवतींची एक भाची डोंबिवलीला असते. नवरा अकाली गेला तेव्हा पदरी तीन वर्षांचा मुलगा होता. नोकरी, लोकल आणि पोर सांभाळता सांभाळता तीन वर्षे गेली आणि मग तिच्या आयुष्यात एक गृहस्थ आले. सज्जन, हसतमुख. वडीलधाऱ्यांची ना नव्हती. ना होती ती चिरंजिवांची.

पहिल्या रविवारी गृहस्थांनी चॉकलेटांचा डबा आणला, दुसऱ्या रविवारी आगगाडी. स्वारीने दोन्ही वस्तू मुकाट्याने घेतल्या आणि आतल्या खोलीचे दार लावून घेतले. (लाच देणाऱ्याला मुले मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात, पण घेतलेली लाच परत करीत नाहीत!) तिसऱ्या रविवारी भाचीने घाई केली. "यांना बाबा म्हणायचं हं आता!" पोर शांतपणे म्हणाले, "मला आहेत बाबा. फोटोत आहेत."

भाची रडली. आमच्या घरी मसलती झाल्या. 'लहान आहे, विसरेल' असे आमच्या सौ.चे मत पडले. मला ते पटले नाही. विसरायला लावणे हीच तर त्या पोराची भीती होती.

गृहस्थ शहाणे निघाले. त्यांनी खेळणी आणणे बंद केले. यायचे, वर्तमानपत्र वाचायचे, भाजी निवडू लागायचे, जायचे. असे बरेच महिने गेले. गेल्या दिवाळीच्या आधी ते बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन आले आणि गॅलरीत कंदील करायला बसले. दाराच्या फटीतून दोन डोळे पाहत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "तुझे बाबा कसा करायचे रे कंदील?"

मुलाला काय आठवणार? तो धावत स्वयंपाकघरात गेला, आईला विचारून आला. "चांदणीचा! आणि शेपट्या पांढऱ्या!" मग चांदणीचाच झाला. खळीने दोघांची बोटे चिकटली. त्या घरात गेलेल्या माणसाचे नाव इतक्या मोकळेपणाने त्या दिवशी प्रथमच निघाले, असे भाची सांगत होती.

वैशाखात नोंदणी पद्धतीने लग्न झाले. जूनमध्ये शाळेचा फॉर्म आला आणि मधल्या नावाचा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे मधले नाव म्हणजे बापाचे. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचेही नाव घातले आहे, पण हा त्याआधीचा. गृहस्थ माझ्याकडे सल्ल्याला आले. मी सांगितले, १९५६च्या पालकत्वाच्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून सावत्र बाप धरलेला नाही; दत्तक घेतले तर गोष्ट निराळी. आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, वडील वारल्यावर मुलाचे आडनाव काय लावायचे हे आईने ठरवावे. त्या प्रकरणात कागदोपत्री 'सावत्र बाप' असे लिहा, हा खालचा आदेश न्यायमूर्तींना जवळजवळ क्रूर वाटला होता. म्हणजे भाचीने मनात आणले, तर मार्ग आहे.

"ती आणील मनात," गृहस्थ म्हणाले, "पण त्याच्या मनात कुठं आहे? पहिल्या बाबांचं त्याच्याजवळ एवढंच तर उरलंय. एक फोटो आणि एक मधलं नाव."

फॉर्मवर जुनेच नाव गेले. भाचीला थोडे वाईट वाटले. पुढे दत्तकाचा विचार करू, असे ती अजून म्हणते. मीही तिला घाई नको म्हटले आहे.

शाळेतून मुलाला न्यायला येणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचा आणखी एक कागद होता. नाव गृहस्थांनी लिहिले, नात्याची जागा कोरी ठेवून ते चहाला उठले. परत येऊन पाहतात तो तिथे पेन्सिलीने, वळणदार अक्षरांत लिहिलेले: 'आमच्या घरचे'.

शाळेतल्या बाईंनी तो कागद तसाच घेतला.