वकिलीच्या प्रवेश परीक्षेत पाठांतर कामाचे नाही

मुलीने वकील व्हायचे ठरवले की हौशी वडील कायद्याची जाडजूड पुस्तके घेऊन येतात. ती तूर्त कपाटातच राहू द्यावीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८पासून होणारी 'क्लॅट' परीक्षा कायद्याचे आधीचे ज्ञान मागतच नाही. महाराष्ट्रातील मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांचे प्रवेशही हिच्यावरच होतात. प्रश्न १२०, मिनिटेही १२०, आणि त्यातच साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे वाचायचे. उत्तर चुकले की पाव गुण कापला जातो.

सर्वांत जास्त फसवतो तो कायदेविषयक तर्काचा भाग. समजा, उताऱ्यात नियम दिला आहे की मालकाच्या परवानगीविना आवारात शिरणे म्हणजे अतिक्रमण, मग हेतू कोणताही असो. प्रश्नातला लहान मुलगा चेंडू आणायला शेजाऱ्याच्या बागेत उडी मारतो. मुलीला त्याची दया येते आणि ती 'अतिक्रमण नाही' यावर खूण करते. गुण गेला! दिलेला नियम तेवढा लावायचा, मनाचा न्याय बाजूला ठेवायचा, ही सवय अंगी बाणायला महिने लागतात.

प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची खरी अडचण इथेच होते, कारण अर्थ कळतो पण वेळ पुरत नाही. अकरावीपासून रोज इंग्रजी दैनिकाचा एक अग्रलेख घड्याळ लावून वाचावा आणि त्याचा सारांश आईला मराठीत सांगावा. आईला इंग्रजी येत नसेल तर उत्तमच. मुलीला स्वतःला किती समजले, ते लगेच उघडे पडते! चालू घडामोडींची तयारीही यातच होते. गणिताचे दहा-चौदाच प्रश्न असतात, तेही दहावीपर्यंतच्या टक्केवारी आणि गुणोत्तराचे. ते सोडून देणे महागात पडते.

अलीकडे ही परीक्षा डिसेंबरात होते आणि पाठोपाठ बारावीचे बोर्ड येते. म्हणून बारावीचा अभ्यासक्रम दिवाळीपूर्वी एकदा वाचून झालेला हवा.

राष्ट्रीय विद्यापीठांची फी वर्षाला लाखांच्या घरात जाते. त्यामुळे महाराष्ट्राच्या पाच वर्षांच्या विधी सीईटीचा अर्जही भरावा. तिचे प्रश्न मराठीतही असतात, चुकीला गुण कापत नाहीत आणि सरकारी महाविद्यालयांची फी बरीच कमी असते. हा पैशांचा हिशेब निकालानंतर नव्हे, अर्ज भरतानाच मुलीसमोर मांडावा.